कोरड्या बोअरचे महाराज

दर गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास आमचे हे मला सोडून जातात आणि साडेसातला मागच्या दाराने जेवायला येतात.

सोडून जातात ते प्रवचनात. पत्र्याचा मंडप, बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, समोर गादी आणि गादीवर हे. आधी दोन अभंग होतात, मग थोडा उपदेश, आणि मग ज्यासाठी माणसं गाड्या करून येतात ते सुरू होतं, म्हणजे महाराजांना हाक कशी आली. हाक आली तेव्हा महाराज तरुण होते. घरात लक्ष्मीसारखी बायको होती, पाळण्यात लेकरू होतं. बायकोने पाय धरले, लेकरू रडायला लागलं. महाराजांनी पाय सोडवून घेतले, उंबरा ओलांडला, "आणि मंडळी, मी मागे वळून पाहिलं नाही." इथे बायकांचे पदर डोळ्यांना जातात. माझ्या शेजारी बसलेली एखादी नवी बाई मला कोपराने ढोसून विचारते, "कुठं असंल वो ती बिचारी आता?"

मी म्हणते, "असंल कुठंतरी भाकरी थापीत."

खोटं बोलायची मला सवय नाही. आणि खरोखरच मला भाकरी थापायला उठायचं असतं, कारण महाराज त्यागी असले तरी गार भाकरी खात नाहीत.

आमचं गाव जामखेडच्या पुढे, माळावर. पाऊस आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो, चहा पिऊन जातो. असल्या गावात डॉक्टरपेक्षा पाणाड्याला मान. मी बारावी झालेली, लग्नानंतर अंगणवाडीत लागले, पण सासरी माझी ओळख शेवटपर्यंत 'पाणाड्याची बायको' अशीच राहिली. हे हातावर नारळ आडवा ठेवून रानातून अनवाणी चालायचे. खाली पाणी असलं की नारळ तळहातावर उभा राहायचा. तो कसा उभा राहतो हे मला आजवर कळलेलं नाही. ह्यांनाही कळलेलं नाही, असं माझं मत आहे. पण उभा राहायचा हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्या वेळी ह्यांच्या कपाळावर खरा घाम यायचा.

पाणी कधी लागायचं, कधी नाही. लागलं की टोपी, टॉवेल, फेटा, गुळाचं जेवण. नाही लागलं की त्या वस्तीवरून जाणारी वाट ह्यांना बंद. लग्नानंतर चार-पाच वर्षांत निम्म्या तालुक्याच्या वाटा बंद झाल्या. बाजाराला जायचं तर आम्ही असल्या आडवळणाने जायचो की जामखेड मला फार लांबचं गाव वाटायचं.

आणि मग थोरल्या भावजींनी बोअर घ्यायचं ठरवलं.

थोरले भावजी म्हणजे ह्यांचे सख्खे थोरले भाऊ. ऊसतोडीला जाऊन जाऊन त्यांचे आणि जाऊबाईंचे खांदे उतरलेले. एकदा रानात पाणी आलं की कोयता टेकवायचा, एवढंच दोघांच्या मनात होतं. घरचाच पाणाड्या असताना बाहेरचा कशाला? हे नारळ घेऊन रानात उतरले. बांधापासून थोडं आत, बोरीच्या झाडाजवळ नारळ ताडकन उभा राहिला. ह्यांनी तिथे टाच रोवली आणि म्हणाले, "दादा, नदी हाय खाली."

दुसऱ्या आठवड्यात बोअरची गाडी आली. गाडीवरची माणसं तमिळ, त्यांना आमचं काही कळेना आणि आम्हाला त्यांचं. सगळी वस्ती जमली. मी मशीनवाल्यांच्या भाकरी घेऊन गेलेली, लेक माझ्या कमरेवर. तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. पाळण्यात ती नव्हती, हे मी इथे एकदा लिहूनच ठेवते. आमच्या घरात पाळणा नव्हताच. झोळी होती, साडीची.

मशीन सुरू झालं. पाणी लागणार असेल तर आधी ओला चिखल येतो. इथे भुकटा यायला लागला, पांढरा, पिठासारखा. बोअरच्या लोखंडी छडीमागून छडी आत चालली आणि भुकटा काही थांबेना. हे बोअरच्या अगदी कडेला उभे होते. आपलं काम आपणच पाहावं म्हणून म्हणा, किंवा मागे सरकायची हिंमत नव्हती म्हणून म्हणा. बघता बघता डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले. डोळे तेवढे दिसत होते. छड्या संपल्या. मशीनवाल्याने हात हलवून दाखवला. त्याची भाषा तेवढी मात्र सगळ्यांना कळली.

तेव्हा हाक आली. हे खरं आहे, त्याबद्दल माझा काही वाद नाही. मी स्वतः ऐकली. ती थोरल्या भावजींची होती आणि तिच्यात आईबहिणीचा उद्धार होता. दोघांची आई एकच, हेसुद्धा भावजींना त्या घटकेला सुचलं नाही. हातात पहार घेऊन ते ह्यांच्याकडे निघाले.

हे जागचे हलले नाहीत. प्रवचनात ह्याला 'स्थितप्रज्ञ अवस्था' म्हणतात. मी जवळून बघत होते, ह्यांचे गुडघे थरथरत होते. हातातला नारळ त्या थरथरीत उभा राहिला की आधीपासून उभा होता, देव जाणे. पण उभा राहिला. आणि घशातून जेमतेम निघावा असा आवाज आला, "दादा, हितं पानी न्हाई. हितं दुसरंच कायतरी हाय."

पुढचं सगळं वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी केलं. त्यांना दिसायला आधीच कमी. त्यांनी बघितलं ते एवढंच, की अंगभर भस्म फासलेला माणूस हातावर उभा नारळ घेऊन निश्चल उभा आहे. त्या सरळ जाऊन पायांवर पडल्या. म्हाताऱ्या माणसाला ओलांडून पहार कशी मारायची? भावजी थांबले. आत्याबाई पडल्या म्हणून आणखी दोन बायका पडल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, तसं पाण्याला खणलेल्या भोकाचं देवस्थान झालं.

त्या गडबडीत माझी लेक किंचाळून रडायला लागली. पांढरा माणूस बघून घाबरली होती. हे लोकांतून वाट काढत आले, माझ्याच पदराने तोंड पुसलं आणि म्हणाले, "अगं मी हाय, पप्पा हाय." तिला घेतलं, कडेवर बसवून घरी आणलं, आणि संध्याकाळी दुधात भाकरी कुस्करून भरवली. सोडून जाण्याचा काय तो प्रकार एवढाच.

पहिल्या वर्षी हे फारसं काही बोलायचे नाहीत. "कायतरी हाय" एवढंच. लोकांना तेवढंच पुरायचं. आत्याबाईंचा गुडघा बरा झाला, कुणाची हरवलेली शेळी सापडली, कुणाच्या सुनेला दिवस गेले. बोअरच्या तोंडावर दगडी कट्टा झाला, कट्ट्यावर पत्रा आला. थोरल्या भावजींना पाणी लागलं नाही, पण बोअर लागला. ते आज मठाबाहेर नारळाचं दुकान चालवतात, गाड्या लावायची जागा बघतात आणि कोयता भिंतीला टांगलेला आहे. धाकट्या भावावर त्यांच्याइतकी श्रद्धा दुसऱ्या कुणाची नसेल.

मग अध्यक्ष आले. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त ग्रामसेवक. सरकारी कामात आयुष्य गेल्यामुळे कुठल्याही गोष्टीला नियम लावल्याशिवाय त्यांना करमत नाही. त्यांनी मठाची समिती केली, आणि एका सकाळी आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून म्हणाले, "महाराज, सगळं हाय, पर त्याग न्हाई. संसारी मानसाच्या पाया लोकं कितीदा पडतील? उद्या लोकं इचारतील, महाराजांनी काय सोडलं."

हे म्हणाले, "मी तंबाखू सोडली ना."

अध्यक्ष म्हणाले, "तंबाकूनं भागत न्हाई."

ते दोघं इकडेतिकडे बघायला लागले. घरात सोडण्यासारखं फार काही नव्हतंच. एक शेळी, एक लोखंडी कपाट आणि मी. दोघांची नजर माझ्यावर येऊन टेकली. मी केलेला चहा पीत पीत, माझ्याच चुलीपाशी बसून दोघांनी माझा त्याग केला. अध्यक्षांना रीतभात आहे, त्यांनी विचारलं, "माताजी, तुमची काय हरकत?"

मी म्हणाले, "मला काय, जेवायला घरी येणार असतील तर सोडू द्या."

तिघेही हसलो. तेव्हापासून मी माया आहे. प्रवचनात माझं नाव नाही, 'ती माया' एवढाच उल्लेख. मायेने पाय धरले, मायेने केस मोकळे सोडले. मी आयुष्यात एकदाही केस मोकळे सोडून कुणाचे पाय धरलेले नाहीत. आणि धरायचेच तर केस बांधून धरले असते, कामात मध्ये येतात.

पुढून मठ आणि मागून घर, असं आमचं चाललं. पुढे महाराज फलाहारावर असतात. मागे त्यांना हुलग्याचं शेंगोळं लागतं, लसणाची फोडणी देऊन, आणि दोन वेळा मागून घेतात. मला त्याचंही काही नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली. कुणाचा नवरा दारू पितो, कुणाचा पत्ते खेळतो, माझा गुरुवारी दोन-अडीच तास संन्यासी असतो. एवढ्यावर कुणी माहेरी जात नाही.

पण लेक शाळेत जायला लागली आणि घरातली गंमत घरात राहीना.

दुसरी-तिसरीत असेल. दप्तर टाकून चुलीपुढे येऊन उभी राहिली. "आई, पप्पांनी मला पाळण्यात टाकून दिल्तं का? पोरं म्हनत्यात, तुझ्या पप्पांनी मागंसुदीक बघितलं न्हाई."

मी तिला सगळं सांगितलं. झोळीचं, भुकट्याचं, दूधभाकरीचं. तिने ऐकून घेतलं. पण पोरांचा स्वभाव असा की आईने सांगितलेलं पुरत नाही, ज्याचं आहे त्याने सांगावं लागतं. हे मागच्या दाराने आले तशी ती ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पप्पा, तुमी खरंच मागं बघितलं न्हाई?"

हे हसले. "अगं, ती गोष्ट हाय बाळा. लोकांसाठी."

"मंग लोकांला सांगा ना, गोष्ट हाय म्हनून."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भाकरी उलटली. मला वाटलं, बघू तर खरं महाराज काय उपदेश करतात. महाराज म्हणाले, "तुझी आई काय वाढती बघ, मला भूक लागलीया."

त्या दिवसापासून लेक गुरुवारी मंडपात गेली नाही. शाळेतून परस्पर मैत्रिणीकडे जायची, प्रवचन संपल्यावर यायची. एरवी बापलेकीचं उत्तम जमायचं. ती ह्यांच्या पाठीत चवड्यांनी तुडवायची, हे तिला जामखेडहून फरसाण आणायचे. पण दरवर्षी एकदा तरी, वाढदिवसाला किंवा परीक्षा झाल्यावर, ती तोच विषय काढायची. "पप्पा, एकदा गादीवरनं सांगा. मला सोडलं न्हाई म्हना. एकदाच." हे म्हणायचे, "सांगतो." पोरीला दुसरं काही नको होतं. कानातलं नको, गाडी नको.

एकदा मीच विचारलं. पावसाळ्याचे दिवस, पाऊस अर्थात नव्हता, मंडपात माणूस कमी होतं. शेंगोळं वाढता वाढता मी म्हणाले, "आता हितं कोन न्हाई. मला सांगा, तुमाला तरी काय वाटतं? खरंच बोलवलं का तुमाला कुनी?"

मला वाटलं, चिडतील. चिडले नाहीत. घास हातातच राहिला.

"तुला खोटं वाटंल," ते म्हणाले. "पर मला आता तसंच दिसतं. डोळं मिटलं का उंबरा दिसतो, तू पाय धरल्याली दिसती. भुकटाबिकटा कायबी दिसत न्हाई."

"आन पोरगी?"

त्यांनी तो घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "पानाड्या हुतो तवा काय हुतं ठाव हाय का? पानी लागलं तर मालकाचं नशीब, न्हाई लागलं तर माझं तोंड काळं. आता उलटं हाय. गुण आला तर माझा, न्हाई आला तर त्यांची श्रद्धा कमी पडली. इतकी वर्सं लोकांची तोंडं चुकवत फिरलो गं. ह्यो एकच धंदा असा हाय, जिथं मला वाट बदलावी लागत न्हाई."

साक्षात्काराबद्दल मी आजवर जेवढी प्रवचनं ऐकली, त्यांत हे एक मला पटलं. ते गादीवरून कधी होणार नाही एवढाच त्यात दोष.

लेकीचं लग्न ठरलं. मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत कंपनीत कामाला, घर पारनेरकडचं, माणसं साधी. बोलणी झाली आणि लेकीने आपलं एकच मागणं पुढे ठेवलं. पप्पांनी कन्यादानाला बसायचं. आईच्या शेजारी, पाटावर, सगळ्यांच्या पुढे. मला तिची हुशारी कळली. सांगत नाहीत ना, नका सांगू. पाटावर तर बसा. ज्याने लेकीला सोडलं तो लेकीचं दान कुठलं करणार? नुसतं बसलं तरी लोकांना कळेल.

हे म्हणाले, "बसतो. बसनारच. माझी लेक हाय." असे ठणकावून म्हणाले की मी त्याच दिवशी जामखेडला जाऊन दोघांना शोभेल असा शेला आणला, गाठ मारायला.

अध्यक्षांना हे कळलं तसे ते समिती घेऊन आले. ह्या वेळी चहा मी केला नाही. मागच्या वेळचा अनुभव होता. मंडपात बैठक बसली, लेक आणि मी दाराशी उभ्या. अध्यक्ष म्हणाले, "भाविक येनार, शूटिंग हुनार, मोबाईलवर जानार. ज्या महाराजांनी लेकराकडं मागं वळून बघितलं न्हाई, ते बायकोच्या शेल्याला गाठ मारून पाटावर बसल्यालं दिसले, तर लोकं काय म्हनतील? आन शास्त्रात बसत न्हाई. संन्याशाला गोत्र नसतं, दान कुटल्या गोत्रात करनार?"

मी दारातून म्हणाले, "शास्त्रात शेंगोळं बसतं का?"

समितीने ऐकलं नाही असं दाखवलं. सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. लेकही बघत होती. तिचा हात माझ्या हातात होता. भावजी पहार घेऊन आले होते तेव्हा हे जागचे हलले नव्हते, तसेच आत्ताही बसून राहिले. फक्त नारळ नव्हता. शेवटी म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू'चा अर्थ लहान पोरालाही ठाऊक आहे. लेकीने माझ्या हातातून हात काढून घेतला आणि आत जाऊन पापड मोजायला बसली.

कन्यादानाला थोरले भावजी आणि जाऊबाई बसले. मी आणलेला शेला त्यांनाच दिला. मी जाऊबाईंच्या मागे उभी. नवरा जिवंत, शेजारीच बसलेला, गळ्यात मंगळसूत्र, आणि तरी लेकीच्या लग्नात मला पाट नाही. हे आमचे बाजूला उंच गादीवर, गळ्यात झेंडूचा हार घालून, आशीर्वादापुरते. नवरदेवाकडच्या बायकांत कुजबुज चालली होती, "सोडल्याली ती हीच का?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मी त्या दिवशी शिकले. ज्या हाताने आख्ख्या तालुक्याचं पाणी शोधलं, त्या हाताला स्वतःच्या लेकीच्या हातावर पाण्याची धार सोडता आली नाही. भटजींनी "मुलीचे वडील" असं म्हटलं तेव्हा लेकीने मान वळवून गादीकडे बघितलं. महाराजांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष हळू आवाजात सगळ्यांना सांगत होते, समाधी लागली.

पाठवणीच्या वेळी लेक माझ्या गळ्यात पडली, जाऊबाईंच्या पडली, थोरल्या भावजींना तर तिला सोडवेना. मग तिने डोळे पुसले, आणि जाऊन भाविकांच्या रांगेत उभी राहिली. लग्नाला आलेले लोक गादीपुढून दर्शन घेत होते, नारळ घेत होते, पुढे सरकत होते. शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली माझी लेक त्या रांगेत, कुणा एका तालुक्याहून आलेल्या मावशीच्या मागे. तिचा नंबर आला. हे गादीवरून अर्धे उठले, दोन्ही हात पुढे केले. ती त्या हातांत गेली नाही. पादुकांवर डोकं टेकवलं, पदर पुढे करून नारळ घेतला आणि म्हणाली, "येते, महाराज."

जन्मात पहिल्यांदा तिने ह्यांना महाराज म्हटलं.

मांडवातून गाडीपर्यंत बरंच अंतर होतं. पोरी जाताना दहादा वळून बघतात. मी वाट बघत होते, ह्यांनीही बघितली असणार, कारण हे गादीवरून खाली उतरले होते, अनवाणी, हार तसाच, आणि अध्यक्षांनी त्यांचं कोपर धरून ठेवलं होतं. लेक सरळ गाडीत बसली. काच वर झाली. गाडी सुप्याच्या वाटेला लागली आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

मी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. भाकरी करायचे, झाकून ठेवायचे, निघून जायचे. खाल्ली तर खा, नाही तर फलाहार आहेच.

लग्नानंतरच्या पहिल्या गुरुवारी दुपारपासूनच लाईट गेलेली. माईक नाही, कॅमेरा नाही. साऊंडवाला वायर गुंडाळून जामखेडला गेला. माणसंही मोजकी. हे आपल्या नुसत्या आवाजात बोलत होते, तो आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. किती वर्षांनी ऐकला मी तो, गादीवरचा पण माईकशिवायचा. पाय धरले, उंबरा ओलांडला, "आणि मंडळी, मी मागे…" आणि पुढे काहीच नाही. मला वाटलं खोकला आला. मी दारातून डोकावले. हे तोंड उघडं ठेवून बसलेले. ओठ हलत होते. मग उठले, गादी तशीच सोडली आणि मागच्या दाराने आत येऊन चुलीपुढे बसले. बाहेर अध्यक्ष जयजयकार करत होते, भावसमाधी, भावसमाधी.

हे हमसून हमसून रडले. पुरुषासारखं नाही, महाराजासारखं तर नाहीच. नाक वाहत होतं. म्हणाले, "पोरीचा फोन आल्ता का?"

मी पाण्याचा तांब्या दिला. इतक्या दिवसांचा माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. गरम भाकरी वाढली, वर तेल घातलं. मी म्हणाले, "आता तरी सांगा लोकांला. खरं काय ते."

"सांगतो," हे म्हणाले. "फुडच्या गुरवारी सांगतो. तुझ्या गळ्याची आन."

पुढच्या गुरुवारी मी धुतलेलं लुगडं नेसले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. लाईट होती. माईक होता, कॅमेरा तीन पायांवर उभा होता, आणि मागच्या वेळची भावसमाधी तोंडोतोंडी गावोगाव पोचल्यामुळे मंडप भरून बाहेर माणसं उभी होती. पाय धरले. उंबरा ओलांडला. "आणि मंडळी, मी मागे…" हे थांबले. मी मनात म्हणत होते, बोला, आता बोला. ह्यांनी उपरण्याचं टोक उचललं, एका डोळ्याला लावलं, मग दुसऱ्या डोळ्याला. एक नजर कॅमेऱ्याकडे गेली. मग गळा साफ करून म्हणाले, "…वळून पाहिलं नाही." माझ्या मागच्या बायका हुंदके देत होत्या. मी उठून आत गेले. माझा गळा मी चाचपून बघितला, शाबूत होता.

त्याच्या पुढच्या गुरुवारी साऊंडवाल्याने त्या जागेवर बासरी टाकली.

दोन-चार दिवसांनी लेकीचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं, कंपनीला सुट्टी कधी, शेळी व्याली का. मग म्हणाली, "आई, सासूबाईंनी मोबाईलवर दावलं. पप्पा थांबत्यात, डोळं पुसत्यात. सासूबाई लई रडल्या. म्हनल्या, बघ, तुझी आठवन येती त्यांला." मग हळूच विचारलं, "खरंच रडले का गं ते?"

"बासरी वाजती का त्यात?"

"व्हय."

"मंग ते न्हाई," मी म्हणाले. "पर त्याच्या आदी एका गुरवारी रडले. गादीवरनं उठून घरात आले आन चुलीपुढं बसून रडले. तुझा फोन आला का इचारलं."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ती लहानपणी विचारायची तशा आवाजात म्हणाली, "त्याचा व्हिडिओ हाय का गं?"

"न्हाई बाई," मी म्हणाले, "त्या दिशी लाईट नव्हती."